शेतातील नियंत्रकाशी दुरून संपर्क : रचना, पद्धती आणि खबरदारी

ठिबक सिंचनाचे स्वयंचलित नियंत्रक, विद्राव्य खते सोडणारी यंत्रणा, हरितगृहातील तापमान व आर्द्रता नियंत्रक, स्वयंचलित हवामान केंद्र, विहिरीची पाणीपातळी मोजणारे संवेदक आणि देखरेखीचे कॅमेरे ही उपकरणे आता केवळ संशोधन प्रक्षेत्रांपुरती मर्यादित राहिलेली नाहीत. बऱ्हाणपूर परिसरातील केळीच्या बागा, विजयपूरकडील द्राक्षमळे किंवा नाशिकची हरितगृहे अशा सर्व ठिकाणी प्रगतिशील शेतकरी ती वापरू लागले आहेत. प्रधानमंत्री कुसुम योजनेतील सौर पंपांबरोबरही दूरस्थ देखरेखीची सोय दिली जाते.

उपकरण बसवून झाल्यावर मात्र एक अडचण हमखास पुढे येते. शेतातील वाय-फायच्या टप्प्यात उभे राहिले की मोबाइलवर नियंत्रकाचे पान उघडते, परंतु गावात घरी परतल्यावर तेच पान उघडत नाही. रात्री मिळणाऱ्या थ्री फेज विजेच्या वेळेत पाणी सुरू झाले की नाही हे पाहण्यासाठी शेतकऱ्याला पुन्हा शेतावर जावे लागते. ही अडचण दूर करण्याचे मार्ग अनेक आहेत, पण सर्व मार्ग सारखे सुरक्षित नाहीत. घाईने निवडलेल्या मार्गामुळे पंपाचे नियंत्रण अनोळखी व्यक्तीच्या हाती जाऊ शकते. दुरून सुरू झालेला पंप स्टार्टरजवळ काम करणाऱ्या माणसाच्या जिवावरही बेतू शकतो. म्हणून या विषयाची तांत्रिक बाजू आणि सुरक्षिततेची बाजू एकत्रच समजून घेणे आवश्यक आहे.

उपकरण बाहेरून का दिसत नाही?

जाळ्यातील प्रत्येक उपकरणाला एक अंकी पत्ता असतो. त्यास आयपी पत्ता म्हणतात. आजही मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या चौथ्या आवृत्तीत असे सुमारे ४२९ कोटी पत्ते शक्य आहेत. जगभरातील उपकरणांना ते अपुरे पडतात, आणि जागतिक साठ्यातील पत्त्यांचे शेवटचे गट फेब्रुवारी २०११ मध्येच वाटले गेले. यावर उपाय म्हणून काही पत्ते केवळ अंतर्गत वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. १९२.१६८ ने सुरू होणारे, १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ या गटातील पत्ते या प्रकारात मोडतात. ते कोणीही आपल्या घरात, कार्यालयात अथवा शेतात वापरू शकतो.

प्रत्येक वाडीत ‘थोरला वाडा’ असावा, तसाच हा प्रकार आहे. वाडीतल्या माणसाला तेवढे नाव पुरते, परंतु परगावाहून पाठवलेल्या पत्रावर फक्त ‘थोरला वाडा’ लिहिले तर ते पोहोचत नाही. शेतातील राउटर आतील उपकरणांच्या विनंत्या आपल्या बाहेरच्या पत्त्यावरून पाठवतो आणि आलेले उत्तर ज्याचे त्याला पोहोचवतो. बाहेरून आपणहून आलेली विनंती नेमकी कोणासाठी आहे हे मात्र त्यास ठाऊक नसते. त्यामुळे तो ती नाकारतो.

मोबाइल सिमवर चालणाऱ्या राउटरच्या बाबतीत आणखी एक पायरी वाढते. दूरसंचार सेवादार हजारो ग्राहकांना मिळून एक सार्वजनिक पत्ता देतात. यासाठी २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ हा स्वतंत्र गट राखून ठेवण्यात आला. राउटरच्या माहितीपानावर बाहेरचा पत्ता या गटातील किंवा १० ने सुरू होणारा दिसला, तर त्या राउटरपर्यंत बाहेरून थेट पोहोचता येत नाही, असे समजावे. दुसरी परीक्षाही सोपी आहे. राउटरच्या पानावरील बाहेरचा पत्ता लिहून घ्यावा आणि त्याच वाय-फायवरून ‘माझा आयपी पत्ता कोणता’ असा शोध घ्यावा. दोन्ही पत्ते जुळले तर राउटरला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता आहे. न जुळल्यास तो सामायिक आहे. कोणताही मार्ग निवडण्यापूर्वी ही तपासणी करणे आवश्यक आहे, अन्यथा राउटरच्या मांडणीत कितीही बदल केले तरी संपर्क जुळत नाही आणि दोष उपकरणाला दिला जातो.

उपलब्ध मार्ग आणि त्यांची पारख

पहिला मार्ग फोन कॉल व लघुसंदेशाचा आहे. ‘मोबाइल स्टार्टर’ म्हणून परिचित असलेली ही पेटी इंटरनेटशिवाय चालते. ठरावीक क्रमांकावरून फोन अथवा संदेश आल्यावर ती पंप चालू किंवा बंद करते. एका पंपासाठी आणि दुर्बल संकेत असलेल्या ठिकाणी हा मार्ग आजही उपयुक्त आहे. अशा पेट्यांपैकी अनेकींमध्ये २जी मोडेम असतो. ज्या सेवादाराचे जाळे केवळ ४जी व त्यापुढील आहे, त्याचे सिम त्यात चालत नाही. खरेदीपूर्वी ही बाब तपासावी. पेटीत मालकाचे क्रमांक नोंदवून इतर सर्व क्रमांक नाकारण्याची मांडणी करावी.

दुसरा मार्ग राउटरमधील एखादा पोर्ट बाहेरच्या जगासाठी उघडण्याचा आहे. बाहेरून विशिष्ट पोर्टवर आलेली प्रत्येक विनंती अमुक उपकरणाकडे पाठवावी, अशी सूचना राउटरला दिली जाते. सार्वजनिक पत्ता असेल तेथे हे काम पाच मिनिटांत होते, म्हणूनच अनेक ठिकाणी बसवणारे कारागीर हाच मार्ग अवलंबतात. तथापि नियंत्रक व कॅमेऱ्यांसाठी हा मार्ग टाळावा. इंटरनेटवरील सर्व पत्ते सतत चाचपून पाहणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात. उघडा पोर्ट त्यांना सापडण्यास फार वेळ लागत नाही. पोर्टचा क्रमांक बदलल्यानेही संरक्षण मिळत नाही, केवळ शोध थोडा लांबतो. मॉडबस ही औद्योगिक नियंत्रकांत सर्रास वापरली जाणारी संभाषणपद्धती १९७९ मधील आहे. तिच्या मूळ रचनेत पासवर्डची सोयच नाही. जो पोहोचला तो आज्ञा देऊ शकतो. तिचा ५०२ हा पोर्ट कोणत्याही परिस्थितीत बाहेर उघडू नये.

तिसरा मार्ग उत्पादकाच्या सर्व्हरमार्फत जाण्याचा आहे. येथे शेतातील उपकरण स्वतःहून बाहेर जाऊन उत्पादकाच्या सर्व्हरशी जोडलेले राहते आणि मोबाइलवरील अ‍ॅपही त्याच सर्व्हरशी बोलते. जोडणी आतून बाहेर होत असल्यामुळे सामायिक पत्त्याची अडचण येत नाही. अशा रचनेत एमक्यूटीटी ही संदेशपद्धती बहुधा वापरली जाते. तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत देखरेख ठेवण्यासाठी १९९९ मध्ये ती तयार करण्यात आली. कमी डेटा आणि तुटक संपर्क गृहीत धरूनच ती घडवलेली असल्याने शेतीस ती सोयीची ठरते. उपकरणाचा संपर्क अचानक तुटल्यास तशी सूचना इतरांना आपोआप देण्याची सोयही तीत आहे. या मार्गाची उणीव म्हणजे परावलंबन होय. उत्पादकाने सेवा बंद केली, वर्गणी वाढवली किंवा त्याचा सर्व्हर बंद पडला, तर उपकरण शेतात असूनही दुरून वापरता येत नाही.

चौथा मार्ग व्हीपीएन, म्हणजे आभासी खासगी जाळ्याचा आहे. यात शेतातील राउटर आणि शेतकऱ्याचा मोबाइल यांच्यात एक सांकेतिक वाहिनी तयार केली जाते. मोबाइल जगात कोठेही असला तरी तो शेताच्या वाय-फायवर असल्याप्रमाणे काम करतो. बाहेरच्या जगाला नियंत्रक दिसतच नाही. एकाच ठिकाणी अनेक उपकरणे असल्यास आणि ती वेगवेगळ्या उत्पादकांची असल्यास हा मार्ग सर्वांत उपयुक्त ठरतो. त्याची मांडणी थोडी कष्टाची आहे, परंतु एकदा नीट केल्यावर तीत वारंवार लक्ष घालावे लागत नाही.

व्हीपीएनची प्रत्यक्ष मांडणी

उदाहरणादाखल एका प्रक्षेत्रावर खतसिंचन नियंत्रक, हवामान केंद्र आणि एक कॅमेरा आहे, व हे सर्व ४जी सिमच्या एका राउटरला जोडलेले आहे, असे मानू. राउटरचा पत्ता सामायिक आहे. अशा ठिकाणी वायरगार्ड ही मुक्त स्रोत व्हीपीएन प्रणाली वापरता येते. तिचा समावेश २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात झाला असून राउटरच्या अनेक प्रतिमानांत ती उपलब्ध आहे. मांडणीचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

१. शेतातील पत्त्यांची मालिका बदलावी. बहुतेक राउटर १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ या मालिकेसह येतात. घरचा राउटरही त्याच मालिकेचा असेल, तर मोबाइलला शेतातील व घरातील उपकरणांत फरक करता येत नाही. शेतासाठी १९२.१६८.५० अशी वेगळी मालिका निवडावी. संस्थेकडे अनेक प्रक्षेत्रे असल्यास प्रत्येकास स्वतंत्र मालिका द्यावी व तिची नोंद ठेवावी.

२. उपकरणांचे पत्ते कायम करावेत. राउटर १९२.१६८.५०.१, नियंत्रक ५०.१०, हवामान केंद्र ५०.२० आणि कॅमेरा ५०.३० असे पत्ते राउटरमध्ये आरक्षित करावेत. नियंत्रकाच्या मांडणीत ‘गेटवे’ या रकान्यात राउटरचाच पत्ता असल्याची खात्री करावी. हा रकाना रिकामा राहिल्यास नियंत्रक शेतातील वाय-फायवर उत्तम चालतो, पण दूरच्या विनंतीस उत्तर पाठवू शकत नाही.

३. मध्यवर्ती ठिकाण ठरवावे. राउटर व मोबाइल दोघेही सामायिक पत्त्यामागे असल्याने दोघांना भेटण्यासाठी सार्वजनिक पत्ता असलेली एक जागा लागते. घरी किंवा कार्यालयात स्थिर सार्वजनिक पत्त्याची ब्रॉडबँड जोडणी असल्यास तेथील राउटर हे काम करू शकतो. तशी नसल्यास भाड्याने मिळणारा लहानात लहान सर्व्हर पुरतो. त्यावर वायरगार्डचा एकच यूडीपी पोर्ट उघडावा. तो सामान्यतः ५१८२० असतो. किल्ली न जुळणाऱ्या विनंतीस वायरगार्ड कोणतेही उत्तर देत नाही, म्हणून चाचपणी करणाऱ्यांना तो पोर्ट सहसा ओळखू येत नाही.

४. किल्ल्या तयार कराव्यात. प्रत्येक उपकरणाची एक खासगी व एक सार्वजनिक किल्ली असते. खासगी किल्ली ज्या उपकरणावर तयार झाली तेथेच राहावी. ती व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ई-मेलने पाठवू नये. सार्वजनिक किल्ली तेवढी परस्परांना द्यावी. मालक, व्यवस्थापक व तंत्रज्ञ यांच्या मोबाइलसाठी स्वतंत्र किल्ल्या असाव्यात. एखादा मोबाइल हरवल्यास किंवा माणूस काम सोडून गेल्यास तेवढीच किल्ली काढून टाकता येते.

५. वाहिनीतील पत्ते व मार्ग नोंदवावेत. मध्यवर्ती ठिकाणास १०.२०.०.१, शेतातील राउटरला १०.२०.०.२ आणि मालकाच्या मोबाइलला १०.२०.०.३ असे पत्ते देता येतील. मध्यवर्ती ठिकाणी शेतातील राउटरच्या नावापुढे १०.२०.०.२ या पत्त्यासह १९२.१६८.५०.०/२४ ही संपूर्ण मालिका नोंदवावी आणि आलेली माहिती पुढे पाठवण्याची परवानगी चालू करावी. मोबाइलमध्ये १०.२०.०.०/२४ व १९२.१६८.५०.०/२४ या दोनच मालिका नोंदवाव्यात. त्यामुळे फक्त शेताशी संबंधित माहितीच वाहिनीतून जाते आणि मोबाइलचे इतर इंटरनेट नेहमीप्रमाणे चालते. राउटरमध्ये वाहिनीची मालिका, १०.२०.०.०/२४, नोंदवावी.

६. जोडणी जिवंत ठेवावी. सेवादाराचे जाळे काही काळ शांत असलेली जोडणी विसरून जाते. म्हणून शेतातील राउटरमध्ये दर २५ सेकंदांनी लहानसा संकेत पाठवण्याची मांडणी करावी. डेटाचा यातील खर्च नगण्य असतो.

७. फायरवॉलचे नियम लावावेत. व्यवस्थापकाच्या किल्लीने तिन्ही उपकरणे, तर तंत्रज्ञाच्या किल्लीने फक्त नियंत्रक उघडेल, अशी विभागणी करावी. कॅमेऱ्याला स्वतःहून इंटरनेटवर जाण्याची गरज नसल्यास तो मार्ग बंद करावा.

८. चाचणी मोबाइल डेटावर घ्यावी. शेतातील वाय-फाय चालू ठेवून घेतलेली चाचणी फसवी असते. मोबाइलचे वाय-फाय बंद करून प्रथम १०.२०.०.१, मग १०.२०.०.२ आणि शेवटी १९२.१६८.५०.१० या क्रमाने संपर्क तपासावा. संपर्क जेथे तुटतो, तेथेच दोष शोधावा.

मांडणी योग्य असूनही दोन अडचणी पुष्कळ वेळा आढळतात. वाहिनी जुळलेली दिसते, परंतु नियंत्रकाचे पान अर्धवट उघडून थांबते, ही पहिली होय. मोबाइल जाळ्यात मोठी पाकिटे अडत असल्याचे ते लक्षण असते. वायरगार्डमधील पाकिटाची कमाल मर्यादा १४२० वरून १२८० केल्यास ती बहुधा सुटते. दुसरी अडचण वीज जाऊन आल्यानंतरची आहे. अनेक स्वस्त राउटरमध्ये घड्याळासाठी बॅटरी नसते. ते सुरू होताना जुनी तारीख धरतात आणि मध्यवर्ती ठिकाण जुन्या वेळेची जोडणी नाकारते. राउटरने वाहिनी जुळण्याआधी इंटरनेटवरून वेळ घ्यावी, अशी मांडणी केल्यास हा प्रश्न राहत नाही.

वीज, संकेत आणि डेटा

दूरस्थ संपर्क नेमका वीज गेलेली असताना सर्वाधिक लागतो. म्हणून राउटर व नियंत्रक पंपाच्या वीजजोडणीवर अवलंबून नसावेत. राउटर सरासरी ६ वॅट वीज वापरतो असे धरल्यास २४ तासांत १४४ वॅट-तास लागतात. १२ व्होल्ट, ४० अँपिअर-तासांच्या बॅटरीत ४८० वॅट-तास साठतात. तिचा निम्माच वापर केला तर सुमारे दीड दिवस पुरवठा होतो. दिवसातून चार तास पूर्ण ऊन आणि ३० टक्के घट गृहीत धरल्यास किमान ५० वॅटचे सौर पॅनेल लागते. पावसाळ्यातील ढगाळ दिवसांचा विचार करता ८० ते १०० वॅटचे पॅनेल घेणे श्रेयस्कर ठरते. नियंत्रक व इतर उपकरणांचा भार यात मिळवून हिशेब पुन्हा करावा.

संकेताची प्रत राउटरच्या माहितीपानावर उणे अंकात दिसते. ४जीसाठी हा अंक उणे ९० च्या आसपास असल्यास संपर्क चांगला राहतो, उणे ११० च्या पलीकडे गेल्यास वारंवार तुटतो. पत्र्याच्या पंपघरात ठेवलेल्या राउटरला संकेत क्षीण मिळतो. बाह्य अँटेना उंचीवर लावल्यास फरक पडतो. अँटेना उंच असेल तेथे वीज पडण्याचा धोका वाढतो, म्हणून तडित संरक्षक व योग्य अर्थिंग आवश्यक आहे. प्रक्षेत्र विस्तीर्ण असल्यास प्रत्येक संवेदकाला सिम देण्याची गरज नाही. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ या परवानामुक्त पट्ट्यातील लोरा रेडिओद्वारे संवेदक एका मध्यवर्ती राउटरशी जोडता येतात.

डेटाचा हिशेब आधीच करावा. दर १५ मिनिटांनी २०० बाइटची नोंद पाठवणारा संवेदक दिवसाला सुमारे १९ किलोबाइट, म्हणजे महिन्याला एक मेगाबाइटहूनही कमी डेटा वापरतो. याउलट सेकंदाला एक मेगाबिट वेगाने सतत चित्र पाठवणारा कॅमेरा एका दिवसात १०.८ गिगाबाइट डेटा संपवतो. म्हणून कॅमेऱ्याचे मुद्रण तेथेच मेमरी कार्डवर करावे आणि दुरून फक्त गरजेपुरते पाहावे. सिमचा रिचार्ज संपणे हे संपर्क तुटण्याचे साधेच पण नेहमीचे कारण आहे. त्याची तारीख दिनदर्शिकेत नोंदवून ठेवावी.

संपर्क तुटल्यास पीक सुरक्षित राहिले पाहिजे

दूरस्थ संपर्क ही सोय आहे. तिच्यावर पिकाचे व पंपाचे संरक्षण अवलंबून ठेवू नये. कोरडा पंप चालणे, अतिभार, एक फेज जाणे आणि वाहिनीतील दाब वाढणे यांपासूनचे संरक्षण स्टार्टर व नियंत्रकातच असावे. हरितगृहातील पंखे व फॉगर ठरावीक तापमानाला इंटरनेटशिवायही सुरू झाले पाहिजेत. उन्हाळ्यातील दुपारी संपर्क तुटला आणि पंखे मोबाइलवरील आज्ञेची वाट पाहत राहिले, तर रोपवाटिकेची हानी होण्यास थोडा अवधीही पुरतो.

आज्ञा मुदतीची असावी. ‘पंप चालू’ ही आज्ञा देऊन पुढे ‘पंप बंद’ ही आज्ञा देण्याचा बेत धोकादायक असतो, कारण मधल्या काळात संपर्क तुटल्यास पाणी वाहतच राहते. त्याऐवजी ‘पंप ४० मिनिटे चालू’ अशी आज्ञा द्यावी. मुदत संपल्यावर नियंत्रक स्वतःच पंप बंद करतो. खतसिंचनात याचे महत्त्व अधिक आहे. पाणी थांबून खताचा पंप चालू राहू नये, यासाठी दोन्ही पंपांची परस्पर अडवणूक तारांमध्येच केलेली असावी.

आज्ञा पोहोचली म्हणजे पाणी आले, असे समजू नये. अ‍ॅपवर हिरवा दिवा दिसत असतानाही फूटव्हॉल्व्हमधून पाणी उतरून गेलेले असू शकते, किंवा फिल्टर तुंबलेला असू शकतो. म्हणून मोटरचा विद्युतप्रवाह, वाहिनीतील दाब आणि जलमापकाचे वाचन यांपैकी किमान एक गोष्ट प्रत्यक्ष मोजून मोबाइलवर दिसावी.

माणसाची सुरक्षितता सर्वप्रथम

दूरस्थ नियंत्रणामुळे एक नवा धोका निर्माण होतो. पूर्वी पंप सुरू करणारा माणूस स्टार्टरसमोर उभा असे; विहिरीत कोण उतरले आहे, पट्ट्याजवळ कोणाचा हात आहे, हे त्याला दिसत असे. आता आज्ञा देणाऱ्याला यांतले काहीच दिसत नाही. शेतावर असलेल्या मजुराला किंवा वायरमनलाही पंप कोणत्या क्षणी सुरू होईल याची कल्पना नसते. थांबलेली मोटर बंद आहे, असे समजूनच तो हात घालतो.

यासाठी प्रत्येक स्टार्टर पेटीवर ‘जागेवर – बंद – दुरून’ असा तीन स्थानांचा निवड स्विच असलाच पाहिजे. तो ‘जागेवर’ किंवा ‘बंद’ स्थितीत असताना दुरून आलेली कोणतीही आज्ञा चालू नये, आणि ही अडवणूक प्रोग्रॅममध्ये नव्हे, तर तारांच्या जोडणीतच असावी. दुरुस्तीपूर्वी मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप लावावे आणि त्याची किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात असावी. पंप सुरू होण्यापूर्वी १० ते १५ सेकंद वाजणारा भोंगा बसवावा. ‘ही मोटर केव्हाही आपोआप सुरू होऊ शकते’ अशी पाटी शेतावर काम करणाऱ्यांना वाचता येईल त्या भाषेत लावावी. मजूर परप्रांतातून येत असतील तर पाटी त्यांच्या भाषेतही असावी आणि स्विचचा वापर त्यांना प्रत्यक्ष करून दाखवावा. या गोष्टी पूर्ण झाल्याशिवाय पंपाचे दूरस्थ नियंत्रण सुरू करू नये. तोवर फक्त वाचन पाहण्याची सोय ठेवावी.

पासवर्ड आणि अधिकार

२०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातील कॅमेरे व राउटर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले. त्यासाठी त्याने कोणतीही गुंतागुंतीची युक्ती योजली नव्हती; कारखान्यातून आलेले साठेक नेहमीचे पासवर्ड तो एकामागून एक वापरून पाहत असे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच उपकरणांच्या साहाय्याने झालेल्या हल्ल्यात अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. ज्यांचे कॅमेरे त्यात वापरले गेले, त्यांच्यापैकी बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता. शेतातील कॅमेरा कोणाच्या उपयोगाचा, हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो.

म्हणून बसवण्याच्या दिवशीच प्रत्येक उपकरणाचा मूळ पासवर्ड बदलावा आणि प्रत्येकासाठी वेगळा, लांब पासवर्ड ठेवावा. राउटरमधील यूपीएनपी ही सोय बंद करावी, कारण तिच्यामुळे उपकरणे मालकाच्या नकळत पोर्ट उघडू शकतात. वर्षातून दोनदा, शक्यतो हंगामाच्या आधी, राउटर व नियंत्रकाचे सॉफ्टवेअर अद्ययावत करावे. ऐन पाण्याच्या पाळीत अद्ययावतीकरण करू नये. पाहण्याचा अधिकार आणि चालवण्याचा अधिकार वेगळे ठेवावेत. कुटुंबातील सर्वांना वाचन दिसावे, परंतु आज्ञा देण्याचा अधिकार ठरावीक व्यक्तींनाच असावा. नियंत्रक कोणी, केव्हा, कोणती आज्ञा दिली याची नोंद ठेवत असल्यास ती अधूनमधून पाहावी. अनधिकृत प्रवेशाची शंका आल्यास निवड स्विच ‘जागेवर’ करून राउटर बंद करावा, पासवर्ड व किल्ल्या बदलाव्यात. आर्थिक फसवणूक झाली असल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

बसवणाऱ्या विक्रेत्याकडे कोणते अधिकार राहतात, हा प्रश्न बहुधा विचारला जात नाही. दुरुस्तीसाठी विक्रेत्याला प्रवेश देण्यास हरकत नाही, परंतु तो मागणीनुसार व ठरावीक मुदतीपुरता असावा. मुख्य पासवर्ड, मांडणीची प्रत आणि सिमची मालकी शेतकऱ्याकडेच असावी. खरेदीपूर्वी पुढील चार प्रश्न लेखी विचारावेत : उत्पादकाचा सर्व्हर बंद पडल्यास उपकरण जागेवर चालेल काय? वर्गणी किती व कोणत्या वर्षापासून लागेल? साठलेली माहिती शेतकऱ्यास उतरवून घेता येईल काय? विक्रेता बदलल्यास सर्व पासवर्ड मिळतील काय?

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

प्रात्यक्षिक घेताना आधी फक्त वाचनाची सोय उभी करावी. जमिनीतील ओलावा, पाणीपातळी आणि वीज आहे की नाही, एवढी माहिती घरी मिळू लागली तरी शेतावरच्या पुष्कळ फेऱ्या वाचतात आणि चुकीच्या आज्ञेचा धोका राहत नाही. एक हंगाम वाचन विश्वासार्ह आढळल्यानंतरच नियंत्रणाकडे वळावे. प्रत्येक प्रक्षेत्रासाठी एक पानाची नोंद ठेवावी. तीत उपकरणांचे पत्ते, कोणाकडे कोणती किल्ली आहे, सिमच्या रिचार्जची तारीख, बॅटरी बसवल्याची तारीख आणि शेवटच्या चाचणीचा दिनांक असावा. पासवर्ड मात्र त्या पानावर लिहू नयेत.

दर तीन महिन्यांनी एक छोटी चाचणी घ्यावी. पंप चालू असताना राउटरची वीज जाणीवपूर्वक काढावी आणि तीन गोष्टी पाहाव्यात : दिलेली मुदत संपल्यावर पंप आपोआप बंद होतो काय, वीज पूर्ववत केल्यावर वाहिनी कोणी हात न लावता पुन्हा जुळते काय, आणि निवड स्विच ‘बंद’ वर असताना दुरून दिलेली आज्ञा खरोखरच नाकारली जाते काय. तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील, तरच ती यंत्रणा पुढील तीन महिन्यांसाठी वापरण्यास योग्य समजावी. एकही उत्तर नकारार्थी आल्यास दोष दूर होईपर्यंत निवड स्विच ‘जागेवर’ ठेवून काम करावे.